अनोळखी डोंगरात दिवसाला किती किलोमीटर?

“रविवारी आम्ही खडवलीहून शहापूरला जाऊन येतो. चाळीसेक किलोमीटर होतात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो. मग भंडारदऱ्याला गेलो तर दिवसाला किती किलोमीटर धरायचे?”

डोंगरात सायकल न्यायचं मनात घेतलेला जवळपास प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो. प्रश्न रास्त आहे, कारण घराजवळ हे माप चालतं. खडवली-पडघा रस्ता, भातसेचा काठ, टिटवाळ्याकडची गावं, हा सगळा मुलूख समुद्रसपाटीहून थोडासाच वर आहे. इथे अंतर दुप्पट झालं की वेळही साधारण दुप्पट होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर हा हिशेब मोडतो. तिथे पहिले दहा किलोमीटर पाऊण तासात निघतात आणि पुढचे दहा तीन तास खातात. म्हणून या प्रकरणात किलोमीटर बाजूला ठेवू आणि बेत तासांत आखायला शिकू. चढ, रस्त्याची अवस्था, ऊन, पाणी, परतीची गाडी हे सगळं शेवटी तासांत मांडता येतं, आणि उजेडाचे तास मोजकेच असतात.

उदाहरणाला एकच सहल घेऊ: खडवलीच्या दोघा-तिघांनी कधी न पाहिलेल्या भंडारदरा-कळसूबाई भागात काढलेले तीन दिवस. रीत कळली की हीच रीत साताऱ्याच्या पठारांना लागू पडते आणि हिमाचललाही.

१. आधी प्रदेश, मग रस्ता

बहुतेक जण एखादा सुंदर फोटो पाहतात आणि त्या जागेपर्यंतचा रस्ता शोधतात. मला उलटा क्रम बरा वाटतो. आधी पूर्ण प्रदेश नजरेखाली घालावा: पाणी कुठून कुठे वाहतं, कडा कोणत्या बाजूला आहे, गावं किती अंतराने आहेत.

भंडारदरा अकोले तालुक्यात आहे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. प्रवरा नदी इथे उगम पावते आणि लगेचच विल्सन धरणाने अडवली जाते. हे धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्यामागच्या आर्थर जलाशयाच्या उत्तरेला कळसूबाईची रांग आहे. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. दक्षिणेला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. पश्चिमेला जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. ते कोकण म्हणजे आपलाच शहापूर तालुका.

जलाशयाभोवती रस्ता फिरतो. धरणाशेजारच्या शेंडी गावातून निघालात की मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडीला येता. सगळा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. पहिल्या अनोळखी डोंगरासाठी मी असाच प्रदेश निवडायला सांगेन. मुक्काम एका जागी राहतो, त्यामुळे अंगावर ओझं कमी. थोड्याथोड्या अंतराने गाव लागतं, म्हणजे पाणी, सावली आणि माणूस मिळतो. शिवाय फेऱ्याचं केंद्र एक मोठा तलाव आहे. धुकं नसेल तर आपण कुठे आहोत हे नकाशा न उघडताही कळतं.

कुठलाही नवा प्रदेश निवडताना मुख्य प्रश्न हा, की आपण ठरवलेल्या वाटेच्या मध्यावर कोणाचा पाय मुरगळला, तर गाडीरस्ता किती लांब आहे? याचं उत्तर एका तासाच्या आत असेल तर पहिल्या खेपेला तो प्रदेश चालेल. चार तास असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या सहलीसाठी ठेवा.

आणि थोडं वाचून जा. ब्रिटिशांविरुद्ध बंड उभारणारे राघोजी भांगरे याच अकोल्याच्या डोंगरांतले. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. ज्या वाटांनी ती माणसं वावरली त्या वाटांवरून जाताना एवढं तरी ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

२. तपकिरी रेषा वाचायच्या कशा

आता उंची. मोबाइलवरचा साधा रस्त्यांचा नकाशा ती दाखवत नाही. उंची दाखवणाऱ्या नकाशावर तपकिरी रंगाच्या वळणदार रेषा असतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीवर.

ही रेषा डोळ्यांनी पाहायची असेल तर उन्हाळ्यात भातसा धरणावर जा. पाणी उतरत जातं तशा काठाच्या उतारावर एकाखाली एक पट्टे उमटतात. प्रत्येक पट्टा म्हणजे पाण्याची एकेकाळची पातळी, म्हणून तो अगदी समान उंचीवरून टेकडीला वळसा घालतो. जिथे काठ सपाट आहे तिथे दोन पट्ट्यांमध्ये भरपूर जागा असते. जिथे काठ उभा आहे तिथे पट्टे चिकटलेले असतात. नकाशावरही तेच: रेषा दूरदूर असल्या की सपाटी, दाट असल्या की चढ, आणि एकमेकींवर चढल्या की कडा.

भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे १७६७ पासून चालत आलेली सर्व्हे ऑफ इंडिया, ५० हजारांत एक या प्रमाणाचे नकाशे काढते. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि डोंगराळ भागात लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये बहुधा २० मीटरचा फरक. जुन्या क्रमांकपद्धतीत खडवली ‘४७ ई/३’ या पत्रकात येते, कळसूबाई आणि रतनवाडी ‘४७ ई/१०’मध्ये, तर शेंडी शेजारच्या ‘४७ ई/१४’मध्ये. म्हणजे तलावाचा फेरा दोन पत्रकांत विभागला आहे. एकच पत्रक घेऊन गेलात तर ऐन धरणापाशी नकाशा संपेल.

आता चढाचं गणित. नकाशावर रस्त्याचा एक सेंटिमीटर तुकडा घ्या आणि तो किती रेषा ओलांडतो ते मोजा. एक रेषा असेल तर ५०० मीटरांत २० मीटर, म्हणजे ४ टक्के चढ. दोन असतील तर ८ टक्के. चार असतील तर १६ टक्के, आणि तिथे बहुतेकांना उतरून सायकल ढकलावी लागते.

टक्क्यांचा अंदाज यावा म्हणून ओळखीचं उदाहरण देतो. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात लोहमार्गाचा चढ ३७ मीटरांना एक मीटर आहे. म्हणजे २.७ टक्के. एवढ्या चढालाही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मोटररस्त्यांना डोंगरात साधारण ५-६ टक्के चढ धरलेला असतो. गावांकडे जाणारे जुने, अरुंद रस्ते मात्र हे बंधन पाळतातच असं नाही. १० टक्क्यांचे तुकडे तिथे नेहमी भेटतात.

३. शरीर तासाला किती उंची चढतं?

इथे थोडा हिशेब करू. बेरीज-गुणाकारापलीकडे त्यात काही नाही.

चढ चढणं म्हणजे वजन उचलणं. स्वार, सायकल, पाणी आणि पिशवी मिळून ९० किलो धरा. हे ९० किलो एक मीटर वर न्यायला ९० गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ८८० जूल ऊर्जा लागते. जूल हे ऊर्जेचं माप. दर सेकंदाला एक जूल खर्च होत असेल तर त्याला एक वॅट म्हणतात. नियमित चालवणारा पण शर्यतीत न उतरणारा माणूस तासन्‌तास साधारण १०० वॅट टिकवू शकतो. म्हणजे सेकंदाला १०० जूल. १०० ला ८८० ने भागा: सेकंदाला ११ सेंटिमीटरांहून थोडी जास्त उंची. तासाला ३६०० सेकंद, म्हणून सुमारे ४०० मीटर.

पण हे कागदावरचं. टायर खडीत रुततो, खड्डा चुकवताना लय तुटते, दम खायला थांबावं लागतं. त्यामुळे नव्या माणसाने तासाला ३०० मीटर धरावेत. तब्येतीने दणकट असलात तरी पहिल्या दिवशी एवढेच धरा.

पायी चालणाऱ्यांसाठी अशी बेरीज विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडली: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपण तीच रीत सायकलला लावू. सपाटीचा वेळ वेगळा, चढाचा वेगळा, मग दोन्हींची बेरीज.

तलावाचा फेरा ४२ किलोमीटरचा धरू. उखडलेल्या, वळणांच्या रस्त्यावर तासाला १२ किलोमीटर धरले तर साडेतीन तास. समोच्च रेषा मोजून सगळे लहानमोठे चढ मिळून ६०० मीटर निघाले असं समजा. तासाला ३०० प्रमाणे त्याचे दोन तास. झाले साडेपाच. त्यावर थांबण्यासाठी चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे एक तास वीस मिनिटं. एकूण सातला थोडे कमी. हेच ४२ किलोमीटर खडवलीच्या सपाट रस्त्यावर तासाला १८ च्या वेगाने अडीच तासांच्या आत संपतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: अंतर तेवढंच, वेळ जवळजवळ तिप्पट.

एक बारकावा राहिला. एकूण चढ तोच असला तरी तो कसा विभागला आहे यावर शक्ती अवलंबून असते. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींना पुढे २४ दात्यांची सर्वांत लहान चकती आणि मागे २८ दात्यांची सर्वांत मोठी असते. २६ इंची चाकाचा घेर दोन मीटरांहून किंचित जास्त. म्हणून सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीला सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते. सेकंदाला एक फेरी मारली आणि चढ १० टक्के असला, तर तुम्ही सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर वर चढताय. त्याला दीडशेहून अधिक वॅट लागतात. १०० वॅटवाला माणूस पाच-दहा मिनिटं ते देईल, नंतर पाय भरून येतील. त्यापेक्षा पायडल हळू फिरवलं तर सायकल डगमगते. म्हणून १० टक्क्यांहून जास्त चढाचे तुकडे नकाशावर वेगळ्या रंगाने रंगवा आणि तिथे चालायचा वेग, तासाला तीन किलोमीटर, धरा. सायकल ढकलत चालणं हा बेताचाच भाग आहे. तो आधी मोजलेला असला की उशीर झाला असं वाटत नाही.

४. तुटक रेषेचा मोह

खडवलीच्या माणसाला या सहलीत एक खास मोह पडतो. नकाशा उघडला की दिसतं: आपल्या शहापूर तालुक्यातलं चोंढे आणि माथ्यावरचं घाटघर सरळ रेषेत अगदी जवळ आहेत. डेहणे आणि साम्रदही तसेच. मध्ये तुटक रेषा काढलेली असते. मग इगतपुरी-घोटीचा एवढा वळसा कशाला?

त्या तुटक रेषा म्हणजे चोंढे घाट आणि करोली घाट. गाडीरस्ता आणि आगगाडीच्या आधीपासूनच्या घाटवाटा, कोकणातून देशावर चढणाऱ्या. चढ किती आहे ते एका गोष्टीवरून कळेल. घाटघरला जलविद्युत प्रकल्प आहे. माथ्यावरच्या तलावातून पाणी चारशेहून अधिक मीटर खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. एवढी उंची एवढ्या थोड्या अंतरात मिळते म्हणून तर प्रकल्प तिथे झाला. जी जागा पाणी पाडायला उत्तम, ती सायकल चढवायला किती अवघड असेल!

सह्याद्री असा का आहे हेही थोडक्यात पाहू. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ झिजून त्यांची सपाटी किंवा मंद उतार झाला, टणक तसेच उभे राहून कडे झाले. म्हणून आपल्या डोंगराला कडा आणि पदर, पुन्हा कडा आणि पुन्हा पदर अशी रचना आहे. सायकलला पदर मानवतो. पदरावरून आडवी जाणारी वाट मैलोन्‌मैल चालवता येते. कड्यातून उतरणाऱ्या नाळेत मात्र सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि दोन्ही हात मोकळे नसलेला माणूस तिथे धोक्यात असतो. नवख्याने कडा ओलांडणारी एकही पायवाट बेतात घेऊ नये. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

मोबाइलवरच्या नकाशांत आणखी एक फसगत आहे. लोकांनी नोंदवलेल्या वाटा एकत्र करून कुठे जास्त वर्दळ आहे ते चमकत्या रेषेने दाखवणारी अ‍ॅप असतात. साम्रदजवळ सांदण दरीकडे अशी ठळक रेषा दिसली तर ती पायी जाणाऱ्यांची आहे. सांदण ही खडकातली अरुंद घळ आहे आणि तिथे सायकलचं काही काम नाही. रेषा दिसली की ती कोणाच्या पायांची हे आधी पाहावं. उपग्रहाचं चित्र लावून वाटेची रुंदी बघा. बैलगाडीच्या दोन समांतर चाकोऱ्या असलेली गाडीवाट वरूनही ओळखू येते.

याहून खात्रीचं साधन म्हणजे गावातला माणूस. पण प्रश्न नीट विचारायला हवा. “दादा, ही वाट साम्रदला जाते का?” याला “जाते की!” असंच उत्तर मिळणार, आणि ते खरंही असतं. त्याऐवजी विचारा: “या वाटेने मोटारसायकल जाते का?” नाही म्हणाले तर: “बैल जातात का?” मोटारसायकल जात असेल तर तुम्ही बहुतेक सगळं चालवाल. फक्त बैल जात असतील तर अर्धं ढकलाल. बैलही जात नसतील तर परत फिरा. अंतर विचारू नका, वेळ विचारा, आणि “ओझं घेऊन किती वेळ लागतो?” असं विचारा. डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या मावशींनी सांगितलेला वेळ सायकल ढकलणाऱ्याच्या वेळेशी बराच जुळतो.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क घेतात. डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या वाटेवर सायकल न्यायची असेल तर वन विभागाला आधी विचारा. नाही म्हणाले तर ते नाहीच.

५. कोणत्या महिन्यात?

अरबी समुद्रावरून आलेलं ओलसर वारं सह्याद्रीच्या भिंतीला आदळून वर चढतं, थंड होतं आणि तिथेच रितं होतं. घाटघर ऐन काठावर असल्याने चांगल्या पावसाळ्यात तिथे ५ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. पूर्वेला अकोले गावाकडे सरकलात की पाऊस झपाट्याने उतरत जातो.

सायकलच्या दृष्टीने जून ते सप्टेंबर मी बाद करतो. शेवाळलेल्या काळ्या खडकावर कुठलाच टायर धरत नाही, दरड कोसळते, ओढे तासाभरात चढतात. भातसेच्या पाण्याला पावसाळ्यात कसा जोर येतो हे खडवलीकरांना वेगळं सांगायला नको. शिवाय शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी तलावाचा अरुंद रस्ता भरून जातो. मेअखेरीस काजवे पाहायला येणाऱ्यांची अशीच गर्दी असते. मार्चपासून ऊन आणि पाणीटंचाई.

उरतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ, आणि त्यातही मधले दिवस. मात्र हिवाळ्याची किंमत उजेडात मोजावी लागते. डिसेंबरात सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाला मावळतो. डोंगराच्या पूर्वेकडच्या कुशीत तर ऊन त्याच्याही आधी जातं. उंचीचा गारठा वेगळा. दर हजार मीटरला हवा साडेसहा अंशांनी थंड होते असं सर्वसाधारण माप आहे. म्हणजे साडेसातशे मीटरांवरच्या शेंडीत खडवलीपेक्षा पाचेक अंश कमी धरावेत. सात तासांचा फेरा सकाळी साडेसातला सुरू केला तर अडीचला संपतो आणि हाताशी साडेतीन तास उरतात. पंक्चर, तुटलेली चेन, चुकलेला फाटा, सगळं त्या साडेतीन तासांतून भागवायचं. अकराला निघालात तर काहीच शिल्लक नसतं.

फेऱ्यात मागे फिरायची जागाही आधी ठरते. घाटघर साधारण मध्यावर आहे. ते ओलांडलं की पुढे जाणं आणि मागे येणं सारखंच. म्हणून निर्णय त्याच्या आधी, उडदावण्यातच घ्यायचा: ठरल्या वेळेपेक्षा तासाभराहून जास्त उशीर झाला असेल तर आल्या वाटेने परत.

६. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे काय?

खडवलीची सोय म्हणजे कसारा लोकल दारात थांबते. गर्दीची वेळ टाळून, सामानाच्या डब्यातून, सायकलचं लगेज तिकीट काढून कसारा गाठता येतो. नियम आणि दर स्टेशनवर आदल्या दिवशीच विचारून घ्या.

कसाऱ्यानंतर लोकल नाही. समोर थळ घाट आणि त्यातून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग. चढाचं गणित मांडलंत तर तो अवघड नाही: तीनेकशे मीटर, म्हणजे एखादा तास. अडचण ट्रकांची आहे. पहाटे, धुकं नसताना, अंगावर चमकपट्टी आणि मागे लाल दिवा असेल तरच तो चढावा, नाहीतर छोटा टेम्पो करून इगतपुरी गाठावी. मोबाइलला रस्ता विचारताना ‘मोटार’ निवडलेली राहिली तर तो तुम्हाला आपल्या जवळच्या आमणे इथून समृद्धी महामार्गावर घालेल. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्या रस्त्यावर दुचाकींनाही बंदी आहे, सायकलचा तर प्रश्नच नाही.

इगतपुरीहून घोटी, आणि घोटीच्या बाजारपेठेतून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. इगतपुरीपासून सगळं मिळून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पहिला दिवस एवढ्यावरच ठेवा. घोटी हे शेवटचं मोठं बाजाराचं गाव: औषधं, सुकामेवा, रोख पैसे तिथेच घ्या. शेंडीत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, आणि गावांमध्ये घरगुती मुक्कामाची सोय होते. भाकरी, पिठलं, भात एवढं जेवण सायकलवाल्याला पुरेसं आणि योग्य आहे. फक्त आदल्या दिवशी फोनवर माणसं किती ते सांगा. चार जण अचानक दारात उभे राहणं त्या घरावर अन्याय आहे.

७. उताराची तयारी चढाइतकीच

चढाची भीती सगळ्यांना असते, पण अपघात उतारावर होतात. जेवढी ऊर्जा घालून आपण वर चढलो तेवढी उतरताना कुठेतरी जायला हवी, आणि ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ९० किलो, ३०० मीटर: सुमारे २ लाख ६५ हजार जूल. एवढ्या उष्णतेने पाऊण लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. वाऱ्याने त्यातली काही कमी होते, तरी बरीचशी ब्रेकच्या दोन छोट्या चकत्यांवर आणि पॅडवर येते.

डोंगरात सायकल चालवायच्या या खेळाचा जन्मच तापलेल्या ब्रेकांशी जोडलेला आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइसच्या उतारांवर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली पळवत. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. एका उतारात आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हा भरल्याशिवाय सायकल चालत नसे. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी मुद्दाम नवी सायकल बांधली, आणि माउंटन बाइक म्हणून आज आपण जे विकत घेतो त्याची वाट तिथून निघाली.

आपल्यासाठी यातून नेमक्या गोष्टी निघतात. निघण्याआधी पॅडची जाडी दुकानात तपासून घ्या, आणि जास्तीची एक जोडी बरोबर ठेवा. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी नीट दाबा, मग सोडा. चकतीला हवा लागू द्या. लांब उतारात मध्ये थांबा, आणि थांबल्यावर चकतीला हात लावू नका. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, पण सुट्या खडीवर, वळणात तो एकट्याने दाबू नका.

टायरची हवाही इथलीच बाब. डांबरावर ४० पीएसआय ठीक. खडकाळ वाटेवर रुंद टायरला २८-३० पर्यंत उतरवलं तर पकड वाढते. त्याहून खाली गेलात तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते. देशावरच्या बाभळीचा काटा कुठल्याही टायरमधून जातो, म्हणून दर माणशी दोन ट्यूब, आणि गटात एक पंप, ठिगळांचा डबा, चेन जोडायची कडी, अ‍ॅलन कीचा संच. मागचा गिअर ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर लटकतो त्याला हँगर म्हणतात. सायकल पडली की तो वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि घोटीत मिळणार नाही. कल्याणहूनच न्या.

८. घराजवळची रंगीत तालीम

सगळं भरलेल्या सायकलवर एक दिवस आधी काढावा. खडवलीहून वाशिंद, आसनगाव, आणि तिथून माहुलीगडाच्या पायथ्याचं गाव. परत येताना शहापूरजवळच्या मानस मंदिराची टेकडी. त्या चढावर घड्याळ लावा. नकाशावरून उंची मोजून ठेवलेली असेल तर तुमचा स्वतःचा तासाचा चढ कळेल. तो २२० निघाला तर पुस्तकातले ३०० विसरा आणि सगळा बेत २२० ने पुन्हा मांडा. गटात सर्वांत हळू चालवणाऱ्याचा आकडा हाच गटाचा आकडा. पाण्याचं मापही इथेच कळतं: साधारण तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण ते एक.

९. घरी ठेवायचा कागद

घाटघर-साम्रदच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते-येते. त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि घरच्यांसाठी एक कागद लिहून ठेवा. त्यावर रोजची वाट गावांच्या नावांनी आणि वेळांसह, मुक्कामाच्या घराचा फोन, प्रत्येकाचा रक्तगट आणि सायकलचा रंग. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि पोलीस ठाणं राजूरला. कड्यात कोणी अडकलं तर गिर्यारोहकांची महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था आहे, तिचा चालू क्रमांक निघण्याआधी शोधून कागदावर उतरवा.

आणि दोन वेळा ठळक लिहा. पहिली, रोज संध्याकाळी आपला फोन यायची: सात. दुसरी, फोन न आल्यास घरच्यांनी हालचाल करायची: नऊ. मधले दोन तास रेंज नसण्याचे, पंक्चरचे, चहाला थांबल्याचे. नऊला पहिला फोन मुक्कामाच्या घरी, कारण सायकली अंगणात आल्या की नाही हे तिथे लगेच कळतं. आल्या नसतील तर दुसरा फोन लगेच, राजूर पोलीस ठाण्याला.